‘फक्त बघणार आहेत’ असे मुलांना सांगू नये

‘दुधाचे दात पडणारच असतात, मग ते किडले म्हणून एवढा खर्च, एवढ्या फेऱ्या आणि मुलाची एवढी रडारड कशासाठी?’ हा प्रश्न समुपदेशकाकडे येईल असे सहसा कुणाला वाटत नाही. पण दादरच्या ज्या दवाखान्यात मी बसते, तिथे शेजारच्याच खोलीत लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टर बसतात आणि खुर्चीत बसायलाच तयार नसलेल्या मुलांना त्या आधी माझ्याकडे पाठवतात. अशा वेळी मुलापेक्षा त्याच्या आईवडिलांशीच मला अधिक बोलावे लागते, असा माझा अनुभव आहे. त्यांतला एक इथे मांडते आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

लालबागला राहणाऱ्या या बाई फोर्टमध्ये नोकरी करतात. मुलगा साडेसहा वर्षांचा. खालच्या बाजूची त्याची एक दुधाची दाढ रात्री ठणकत असे, लवंगेचे तेल लावले की तासभर बरे वाटे आणि पुन्हा सुरू. घराजवळच्या एका दवाखान्यात त्याला नेले, तेव्हा त्याने ओठ असे मिटले की डॉक्टरांना आरसासुद्धा आत घालता आला नाही. त्यानंतर दाताचे नाव काढले तरी तो पलंगाखाली जाऊन बसू लागला. घरात सासूबाईंचे म्हणणे स्पष्ट होते : ‘पडायचाच तो दात. आमच्या वेळी कोण जात होतं डॉक्टरकडे?’ मुलाच्या वडिलांना खर्चाची काळजी होती. बाईंना स्वतःला हे पटत नव्हते, पण पटत नाही ते का, हे घरात ठामपणे सांगण्यापुरती माहिती त्यांच्याजवळ नव्हती.

म्हणून आम्ही आधी माहितीच समोर ठेवली. पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात हे सगळ्यांना ठाऊक असते, आणि त्यावरूनच सगळे दुधाचे दात तेव्हा पडतात असा समज होतो. प्रत्यक्षात मागच्या दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहायच्या असतात. म्हणजे या मुलाला त्या दाढेवर अजून चार-पाच वर्षे जेवायचे होते. दुधाच्या दाताचे वरचे कवच पातळ असल्यामुळे कीड लवकर आत शिरते आणि नसेपर्यंत पोहोचते. तिथला संसर्ग खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा करू शकतो. शिवाय दाढ वेळेआधी काढली, तर मागची दाढ पुढे सरकते आणि नव्या दाताला जागा उरत नाही. काढण्यावाचून इलाज नसेल तेव्हा ती जागा राखून ठेवण्यासाठी तारेची एक छोटी पट्टी बसवतात, पण जी दाढ वाचू शकते ती वाचवणे केव्हाही चांगले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट बाईंना पहिल्यांदाच कळली. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एकेक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती गुपचूप येते आणि घरचे लोक तिलाही दुधाचीच समजतात. ती कायमची असते. पुढे डॉक्टरांनी आरशात दाखवले, तेव्हा मुलाच्या दोन्ही बाजूंना त्या दाढा आलेल्या होत्या आणि एकीच्या खाचेत तपकिरी रेघ दिसत होती. ‘ही पण पडेल असंच मी धरून चालले होते,’ असे म्हणून त्या बराच वेळ त्या आरशाकडे पाहत राहिल्या.

मग त्यांनी खालच्या आवाजात विचारले, ‘म्हणजे हे माझ्यामुळेच झालं ना?’ मुलगा जवळजवळ तीन वर्षांचा होईपर्यंत रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपत असे. नोकरी, लोकलचा प्रवास, रात्री उशिरापर्यंत आवराआवर, यांत बाटली दिली की तो शांत झोपायचा. हे कारण खरे आहे आणि ते मी झाकले नाही. झोपेत लाळ कमी होते, गोड दूध दातांवर साचून राहते, जंतू त्याचे आम्ल बनवतात आणि कीड लागते. पण कारण ओळखणे आणि स्वतःला दोषी धरणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. दोषी वाटणारी आई डॉक्टरांकडे जाणे लांबवते, कारण तिथे कुणीतरी ‘इतके दिवस काय करत होतात?’ असे विचारील ही धास्ती असते. या बाईंनाही आधीच्या दवाखान्यात नेमका तोच प्रश्न ऐकावा लागला होता. उपचार करणाऱ्यांनी आणि नातेवाइकांनी हे वाक्य टाळावे, असे मला अगदी मनापासून वाटते. त्याने एकही दात वाचत नाही, उलट पुढची भेट मात्र बुडते.

‘तुम्ही स्वतः दात शेवटचे कधी दाखवले होते?’ असे मी विचारले, तेव्हा त्यांनी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली. बोलताना त्या वारंवार ओढणीचे टोक तोंडाशी नेत होत्या, हे माझ्या आधीच लक्षात आले होते. हळूहळू त्यांनी सांगितले, की लहानपणी गावी त्यांची दाढ काढली तेव्हा दोघांनी त्यांचे हात धरून ठेवले होते, आणि घरून निघताना वडिलांनी सांगितले होते, ‘काही करणार नाहीत, फक्त बघणार आहेत.’ त्यानंतर त्या दाताच्या डॉक्टरकडे गेल्याच नव्हत्या. हिरड्यांतून रक्त येत होते म्हणून त्यांनी तिथे ब्रश लावणेही सोडले होते. आणि मुलाला दवाखान्यात नेताना त्यांनी काय सांगितले होते? ‘काही नाही रे, फक्त बघणार आहेत.’ हे वाक्य उच्चारताच त्या स्वतःच थांबल्या. मला वेगळे काही सांगावे लागले नाही.

मूल दवाखान्यात घाबरते ते नेहमी दुखण्यालाच घाबरते असे नाही. त्याला सांगितलेले एक आणि घडलेले दुसरे, यातून त्याचा सोबत आलेल्या माणसावरचाच विश्वास उडतो. त्यात ‘मस्ती केलीस तर डॉक्टर सुई टोचतील’ असा धाक घरात रोज घातला जात असेल, तर ते मूल शिक्षा भोगायलाच खुर्चीत बसते. म्हणून आम्ही बोलायचे काय, हे ठरवले. ‘दुखणार नाही’ असे वचन द्यायचे नाही. ‘डॉक्टर आधी दात मोजतील, तुला थांबावंसं वाटलं तर डावा हात वर कर, त्या थांबतील,’ एवढेच आणि खरे तेच सांगायचे. टोचायचे असेल त्या दिवशी ‘आधी हिरडीला औषध लावतील, मग थोडं टोचेल, नंतर ओठ जड वाटेल’ असे सांगायचे. आपली भीती आवाजातून मुलापर्यंत पोहोचते, हेही बाईंनी समजून घेतले, आणि खुर्चीजवळ आपण उभ्या राहू शकत नसू, तर त्या दिवशी वडिलांनी उभे राहावे असे घरात ठरले.

मुलाबरोबर मी उपचाराबद्दल काहीच बोलले नाही. माझ्याकडच्या कापडी अस्वलाचे दात त्याने छोट्या आरशाने मोजले, मग माझे मोजले, आणि माझ्या एका दाढेत सिमेंट भरलेले पाहून ‘तुम्हाला पण कीड लागली होती?’ असे मोठ्या समाधानाने विचारले. लहान मुलांच्या दंतवैद्यांकडे आधी सांगायचे, मग दाखवायचे आणि मगच करायचे अशी जुनी, रुळलेली पद्धत आहे. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी त्याला खुर्ची वरखाली करू दिली, वाऱ्याची नळी त्याच्या तळहातावर सोडून दाखवली, दात मोजले आणि घरी पाठवले. तोंडात काहीही उपचार न करता पाठवले म्हणून वडील थोडे नाराज झाले. ही भेट वाया गेलेली नसते. पुढच्या सगळ्या भेटी तिच्यावरच उभ्या असतात.

नंतर दाढेच्या नसेवर उपचार करून तिच्यावर स्टीलची टोपी बसवली आणि कायमच्या दाढांच्या खाचा सीलंट नावाच्या संरक्षक लेपाने बुजवल्या. हात त्याने एकदा वर केला आणि डॉक्टर खरोखर थांबल्या. माझ्या मते ती वेळ निर्णायक होती. भूल दिलेल्या दिवशी जड झालेला ओठ मुले नकळत चावतात आणि जखम करून घेतात, म्हणून बधिरपणा जाईपर्यंत खायला न देता लक्ष ठेवायला सांगितले होते.

घरच्या काळजीबद्दल बाईंची एक खास शंका होती. त्यांचे माहेर यवतमाळ जिल्ह्यातले. तिकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याने दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, ते त्यांनी पाहिले होते. त्यामुळे फ्लोराइडची टूथपेस्ट त्यांनी घरात येऊच दिली नव्हती. ही भीती निराधार नव्हती, फक्त चुकीच्या जागी होती. मुंबईला पाणी येते ते भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांतून, आणि त्यात वेगळे फ्लोराइड मिसळले जात नाही. इथल्या मुलाला पेस्टमधले फ्लोराइड उपयोगाचेच असते. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. मुलाने ती गिळू नये, थुंकावी. मात्र नंतर भरपूर पाण्याने खळखळून चूळ भरली तर दातांवर राहायला हवे ते फ्लोराइडही निघून जाते. रात्रीचे घासणे कधीही चुकवू नये. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हातावर सोडून न देता मोठ्यांनी स्वतः एकदा ब्रश फिरवावा. चहात बुडवलेली बिस्किटे दिवसातून चारदा खाण्याऐवजी गोड जेवणाबरोबरच द्यावे, हे आजींनाही पटले. आणि गालावर सूज येऊन ताप असेल, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास होत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

बाईंच्या स्वतःच्या उपचाराला अधिक वेळ लागला. हिरड्यांतून रक्त येते ते बहुधा तिथे साचलेल्या कीटणामुळे; घासणे सोडले की ते वाढतेच. दात साफ करून घेतल्याने दात ढिले होतात हा समज सर्वत्र आहे. साचलेला थर निघाला की आधीच सैल झालेला दात हलताना जाणवतो आणि फटी उघड्या दिसतात, म्हणून तसे वाटते. वरची दाढ काढल्याने नजर अधू होते, हेही खरे नाही. मधुमेह असलेल्यांनी तर हिरड्यांकडे दुर्लक्ष करूच नये, कारण हिरड्यांचा आजार आणि साखर एकमेकांना वाढवतात. बाईंनी आधी केवळ तपासणीची वेळ घेतली, हात वर करण्याची सवलत स्वतःसाठीही मागून घेतली, आणि आता त्यांचे स्केलिंग, म्हणजे साचलेला थर काढून दात साफ करणे, पूर्ण झाले आहे. खर्चाचा प्रश्न असलेल्यांना मी मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय किंवा सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय सुचवते. तिथे रांग असते, पण उपचार कमी दरात आणि प्राध्यापकांच्या देखरेखीखाली होतात.

राहिल्या आजी. त्या वर्षानुवर्षे मिश्रीने दात घासतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, तो हिरड्यांवर चोळला की रक्तात उतरतो आणि सवय लागते. त्यातून तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर दाखवलेच पाहिजे, हे मी त्यांना समोर बसवून सांगितले. त्यांच्या गालाच्या आत पांढरट चट्टा आहे आणि त्याची तपासणी पुढच्या आठवड्यात नायरला ठरली आहे. मिश्री एकदम सुटणार नाही, म्हणून तंबाखू सोडण्यासाठीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक सुनेने त्यांच्या फोनमध्ये घालून दिला आहे. तपासणीला सोबत सूनबाई जाणार आहेत, आणि तिथे तुकडा काढून तपासावा लागू शकतो हे त्यांनी आजींना आधीच सांगून ठेवले आहे.