‘कैकाडीण’ टोचते, मग ‘भामटा’ का नाही?

एका ताईंनी विचारलंय : "‘कैकाडणीसारखी भांडू नकोस’ म्हटलं की मुलगी मला तिथंच अडवते. पण ‘भामट्याने दागिने लांबवले’ ही बातमी तीच मोठ्यानं वाचून दाखवते. भामटा हेसुद्धा जातीचं नाव आहे ना?"

आहे. महाराष्ट्रातल्या विमुक्त जातींच्या, म्हणजे इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या आणि पुढं त्या शिक्क्यातून सुटलेल्या जातींच्या, यादीत १४ नावं आहेत. कैकाडी, वडार, बेरड, रामोशी यांच्या पंगतीत भामटा आहे, राजपूत भामटाही आहे. फरक एवढाच, की कैकाडी माणूस आपल्या ओळखीचा आहे. भामटा नावाची माणसं आहेत, हे बहुतेकांच्या गावीही नाही. शिवीमागचा माणूस दिसेनासा झाला की ती साधा शब्द होऊन बसते.

आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या घरी दुरड्या विकायला एक कैकाडी मावशी यायच्या. जुन्या दुरडीची कड सुटली असली तर दारातच बसून नीट करून द्यायच्या. एकदा त्या तशा बसलेल्या असताना मी आणि बहीण आत भांडत होतो. आजी ओरडली, "काय कैकाडणीगत कालवा लावलाय गं!" मी दाराकडं बघितलं. मावशींचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला. पैसे घेताना त्यांनी नेहमीसारखं पाणी मागितलं नाही. आजी मनानं वाईट नव्हती. तिच्या पिढीला ती शिवी वाटतच नव्हती, आणि ज्यांना वाटत होती त्यांना बोलायची सोय नव्हती.

ही सोय कशी झाली, ते महत्त्वाचं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातीच जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. चावडीवर जाऊन आपण गावातच आहोत हे दाखवायची हजेरी कित्येक जातींच्या पाचवीला पुजलेली होती. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी ती १९१८ मध्ये बंद केली. गुन्हेगार जमातींचा कायदा मात्र ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला आणि त्यानंतर ‘विमुक्त’ हा शब्द आला. पण सरकारी कागदावरचा शब्द बदलला म्हणून घरातला बदलत नाही. माझ्या मते खरा फरक पडला तो त्या समाजांतली माणसं स्वतः लिहू लागल्यावर. लक्ष्मण माने कैकाडी समाजातले. त्यांचं ‘उपरा’ हे आत्मकथन १९८० चं. लक्ष्मण गायकवाडांनी तर १९८७ मध्ये लोक हिणवायला वापरत तोच शब्द आपल्या आत्मकथनाला दिला : ‘उचल्या’, म्हणजे भुरटा चोर. ही पुस्तकं वाचलेल्या शिक्षकांच्या हाताखाली पुढची पिढी शिकली. तुमची मुलगी त्यातलीच.

हा बदल कायद्याच्या धाकानं झाला असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातीत आहेत, आपल्याकडं कोल्हापुरात विमुक्त जातीत. अ‍ॅट्रॉसिटीचा १९८९ चा कायदा अनुसूचित जाती-जमातींसाठीच आहे, त्यामुळं त्याचं संरक्षण तिकडं आहे, इकडं नाही. तरी इथली मुलगी आईला अडवते.

आता भामट्याचं. मीसुद्धा हा शब्द वर्षानुवर्षं वापरला; यादीत तो वाचल्यापासून सोडला. मराठीत चोरटा आहे, लबाड आहे, ठकसेन आहे. बातमीच्या मथळ्यात जागा नसते म्हणाल, तर ‘भामट्याने’ आणि ‘चोरट्याने’ यांत अक्षरं सारखीच आहेत.