पालथा कप आणि लिफ्टची नोटीस

प्रश्न : आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींसाठी सासूबाईंनी एक कानतुटका कप वेगळा ठेवला आहे. तो गॅलरीच्या कठड्यावर पालथा असतो. घरातली बाकी सगळी भांडी त्याच मावशी घासतात. त्यातच गेल्या महिन्यात सोसायटीने नोटीस लावली, की कामवाल्या बायकांनी आणि कचरा नेणाऱ्यांनी लिफ्ट न वापरता जिन्याने यावे. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो आणि मावशींचे गुडघे दुखतात. मला दोन्ही गोष्टी पटत नाहीत. पण सासूबाईंचे वय ७८ आहे, आणि सोसायटीत बोलायला गेले तर ‘आल्या समाजसुधारक’ असे ऐकावे लागते. मी काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ज्या हातांनी घासलेल्या ताटात घर जेवते, त्याच हातांनी धरलेला कप मात्र गॅलरीत राहतो, यात स्वच्छतेचा कोणताही हिशेब बसत नाही. सासूबाई कदाचित जातीचे नावही काढणार नाहीत. आपल्या मध्यमवर्गीय घरांत हल्ली ते कोणी काढत नाही. कप कुठे ठेवला आहे, त्यावरून ते समजते.

कपाच्या बाबतीत कायद्याचा आधार शोधत बसू नका. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने उपाहारगृहे, धर्मशाळा अशा ठिकाणची भांडी अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला वापरू न देणे हा गुन्हा ठरवला. पण त्याचा रोख सार्वजनिक भांड्यांवर आहे, तुमच्या फळीवरच्या कपांवर नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा तर असा कायदाही नव्हता. हौद घरचा होता आणि तो खुला करण्यासाठी त्यांना कोणाचा ठराव लागला नाही. कपाचेही तसेच आहे.

मात्र सासूबाईंपुढे भाषण करू नका, आणि मावशींच्या देखत तर वाद मुळीच काढू नका, कारण घरात भांडण पेटले तर काम त्यांचे जाईल, तुमचे काही जाणार नाही. आधी मावशींशी एकट्याने बोला. ‘नको ताई, मला तोच बरा’ असे त्या म्हणण्याचा संभव आहे. ते समाधान समजू नका आणि लगेच आग्रहही धरू नका. चार दिवसांनी चहा टाकाल तेव्हा घरातल्याच दोन कपांत ओता आणि दोघींनी स्वयंपाकघरात बसून प्या. सासूबाईंनी विचारले, तर ‘आजपासून असाच देणार आहे’ एवढे उत्तर पुरे. आणि हो, तुमच्या पत्रात तुमच्या यजमानांचा कुठेच उल्लेख नाही. आई त्यांची आहे. तिच्याशी बोलण्याचे अवघड काम सुनेच्याच गळ्यात का पडावे?

लिफ्टचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे निर्णय तुमच्या एकटीच्या हातात नाही. नोटिशीत जातीचा उल्लेख नसल्यामुळे ती १९५५ च्या कायद्यात बसवणे अवघड जाईल, म्हणून पोलीस ठाण्याआधी सर्वसाधारण सभेचा विचार करावा. या नियमाचे कारण काय, असे व्यवस्थापन समितीला लेखी विचारा. पत्रात मावशींचे नाव घालू नका. लिफ्टच्या देखभालीचा खर्च सदस्य भरतात आणि मावशी त्या सदस्यांच्याच कामासाठी वर येतात, हा मुद्दा ‘समानता’ या शब्दापेक्षा सभेत लवकर पटतो, असा माझा अनुभव आहे. दोन-तीन शेजाऱ्यांच्या सह्या आधी मिळवा. एकटीला ‘समाजसुधारक’ म्हणून चिडवणे सोपे असते, चौघांना तसे चिडवताना माणूस जरा दबकतो.

समितीने नोटीस मागे घेतली म्हणजे काम झाले, असेही समजू नका. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचे ठरवले. तरी २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यायले, तोपर्यंत तो ठराव दप्तरातच होता. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले, नगरपालिकेने ठराव मागे घेतला आणि न्यायालयाचा अंतिम निकाल लागायला १९३७ साल उजाडले. तेव्हा नोटीस मागे घेतल्यानंतरचे पहिले काही दिवस मावशींच्या वेळेला तुम्ही खाली जा आणि त्यांच्याबरोबर लिफ्टने वर या. आरशात बघत उभ्या असलेल्या शेजारणीने नाक मुरडले, तर तिच्याशी पाण्याच्या टँकरबद्दल बोला.

प्रश्न : भाड्याने घर शोधताना एजंटने आधी आडनाव विचारले, मग ‘मालकांना चालणार नाही’ असे कळवले. मी अनुसूचित जातीचा आहे. तक्रार करता येते का?
— एक विद्यार्थी

उत्तर : येते. १९५५ च्या कायद्यात कोणत्याही वस्तीत राहते घर घेण्यास किंवा त्यात राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा आहे. आणि पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ते कृत्य त्याच कारणाने घडले असे न्यायालयाने मानायचे असते. ही तरतूद वकिलांच्याही चटकन लक्षात येत नाही, म्हणून कलम १२ असा स्पष्ट उल्लेख करा. तुमच्या एखाद्या मुस्लिम मित्राला असाच नकार मिळाला, तर त्याची वाट दुर्दैवाने अधिक बिकट आहे, कारण धर्म, जात यांवरून भेदभावाला मनाई करणाऱ्या संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते यांची नावे आहेत, खासगी घरमालकाचे नाही. एजंटचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश पुसू नका. आडनाव सांगण्यापूर्वी त्याने ‘घर रिकामे आहे, संध्याकाळी बघायला या’ असे कळवले असेल, तर तो संदेश तारखेसह आधी जपून ठेवा.