कोड खुला, डबा मात्र बंद

प्रश्न : आमच्या केळीच्या बागेत ठिबकचे व्हॉल्व्ह आपोआप चालू-बंद करणारा डबा बसवलाय. आत लिनक्स ही संगणकप्रणाली आहे. मुलगा म्हणतो, ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) सगळ्यांना खुला, बदलता येईल. पण बदललेला प्रोग्रॅम डबा घेतच नाही. असं कसं? — एक शेतकरी, रावेर

उत्तर : दादा, दोन गटांचा जुना वाद तुमच्या बांधावर आलाय. १९८३ मध्ये जीएनयू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर करणारे रिचर्ड स्टॉलमन म्हणतात, यंत्र ज्याचं, त्याला त्यातला प्रोग्रॅम बदलून चालवता आलाच पाहिजे. हा हक्काचा प्रश्न. १९९८ मध्ये ओपन सोर्सवाल्यांनी वेगळी चूल मांडली. कोड खुला ठेवला की काम चांगलं होतं, हे कंपन्यांना पटवायचं, नीतीची भाषा नको, असा त्यांचा सूर.

टीव्हीचे कार्यक्रम रेकॉर्ड करणाऱ्या टिव्हो नावाच्या अमेरिकन यंत्रावरून हे पेटलं. कोड मिळायचा, पण कंपनीची डिजिटल सही नसलेला प्रोग्रॅम यंत्र चालवायचंच नाही. तुमच्या डब्यातही बहुधा हेच. जीपीएल म्हणजे खुला कोड कोणत्या अटींवर वापरायचा ते सांगणारा, स्टॉलमन यांच्या गटाचा परवाना. २००७ च्या जीपीएल ३ ने घरगुती यंत्रांपुरती ही वाट अडवली. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी मात्र लिनक्सचा गाभा आधीच्या जीपीएल २ वरच ठेवला. यंत्र कसं बनवायचं हे बनवणाऱ्याने ठरवावं, असं त्यांचं मत.

मी धुळ्यात पोरांना कॉम्प्युटर शिकवतो आणि या बाबतीत ठाम स्टॉलमनच्या बाजूचा आहे. ऐन मे महिन्यात, बागेला पाणी हवं असताना, शेतकऱ्याने कंपनीच्या माणसाची वाट का बघावी? लिनक्सचा कोड कंपनीकडे लेखी मागा, जीपीएल २ प्रमाणे तो द्यावाच लागतो. व्हॉल्व्हच्या वेळा ठरवणारा प्रोग्रॅम कंपनीचा स्वतःचा असेल, तर तो मिळेलच असं नाही. पुढचा डबा घेताना हे आधी विचारा.