घरदुरुस्ती : फरशी फोडण्याआधी

प्रश्न : आमच्या बाथरूमखालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली आहे. इमारत चौदा वर्षांची. प्लंबर म्हणतो, सगळी फरशी फोडून वॉटरप्रूफिंग करा. खर्च सोसायटीचा की आमचा? (एक वाचक, डोंबिवली)

फोडायची घाई करू नका. गळती लाइनमध्ये असेल आणि तुम्ही फरशी नवी केलीत, तर पैसे जातील आणि ओल तिथेच राहील. खाली पाणी उतरायच्या वाटा तीनच : भिंतीतली नळाची लाइन, टाइल्सचे सांधे आणि सांडपाण्याचा पाइप. त्या याच क्रमाने तपासा.

दोन-तीन दिवस बाथरूम वापरू नका, पण पाण्याचा कॉक चालू ठेवा. डाग तरीही सुकायचं नाव घेत नसेल तर संशय नळाच्या लाइनवर. खात्रीसाठी प्लंबरला टेस्टिंग पंप (लाइनमध्ये दाब भरून तो काट्यावर दाखवणारा पंप) आणायला सांगा. मेन कॉक आणि गीझर, फ्लश टँकचे अँगल कॉक (भिंतीतून निघणारे छोटे कॉक) बंद करायचे, शॉवरच्या तोंडाला पंप जोडून 5 ते 6 किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब द्यायचा आणि अर्धा तास काट्यावर लक्ष ठेवायचं. मिक्सर (गरम-गार पाणी एकत्र करणारा नळ) असेल तर गरम-गार लाइन त्यातून एकमेकींना जोडलेल्या असतात. तो काढून तोंडांना प्लग मारा, म्हणजे दोन्ही लाइन वेगवेगळ्या तपासता येतील. काटा उतरला की लाइन गळतेय, फरशीचा दोष नाही.

काटा जागचा हलला नाही, तर न्हाणी ट्रॅपची (फरशीतलं पाणी जायचं भोक) जाळी काढा. प्लास्टिकच्या पिशवीत कापड गुंडाळून त्याचा बोळा आत घट्ट बसवा. फरशीवर इंचभर पाणी साठवा (उंबऱ्याच्या खालीच राहू द्या), भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करा आणि 24 तास थांबा. खाली ओल वाढली तर सांधे गळतायत. वाढली नाही, तर बोळा काढून सगळं पाणी एकदम सोडा. त्यानंतर थोड्या वेळात खाली थेंब दिसले तर दोष ट्रॅपमध्ये किंवा पुढच्या पाइपच्या जोडात आहे.

सांधे गळत असतील तर पांढरं सिमेंट भरून घेऊ नका, ते आकसतं आणि केसासारख्या भेगा पडतात. जुना सांधा तीनेक मिलिमीटर खोल खरवडा, पूर्ण एक दिवस सुकू द्या आणि इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा रेझिनचा मसाला) भरा. त्याचे दोन भाग पाकिटावरच्या प्रमाणातच मिसळायचे. अंदाजाने मिसळलेलं ग्राउट चिकटच राहतं. निव्वळ न्हाणी ट्रॅपचा जोड सुटला असेल तर त्याच्याभोवतीची फूटभर फरशी काढून काम होतं.

खर्चाचं म्हणाल, तर महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून झिरपणारं पावसाचं पाणी आणि बाहेरच्या सामाईक लाइन सोसायटीकडे येतात. फ्लॅटच्या आतली बाथरूमची गळती सभासदाने दुरुस्त करायची. म्हणजे बहुधा तुम्हीच.

प्रश्न : 15 लिटरच्या गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं. तिथे प्लग मारला तर चालेल? पाणी बोअरचं आहे. (एक वाचक, लातूर)

अजिबात नाही. पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर गेलं की 15 लिटरमागे सुमारे 200 मिलिलिटर फुगतं. आत येणाऱ्या बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असल्याने ते मागे जाऊ शकत नाही, म्हणून इथून बाहेर पडतं. ही वाट बुजवली तर सगळा ताण टाकीवर येतो. तापताना थेंब पडणं ठीक. गीझर बंद आणि थंड असतानाही ठिबकत असेल, तर एकतर व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकलेत किंवा लाइनचा दाब जास्त आहे. व्हॉल्व्हची दांडी दोन-तीनदा उचलून सोडा, तरी थांबलं नाही तर व्हॉल्व्ह बदला. दाबाचा अंदाज सोपा : टाकीपासून दर 10 मीटर खाली सुमारे 1 किलो. वर प्रेशर पंपही असेल तर त्याचा दाब मिळवा आणि गीझरवर लिहिलेल्या मर्यादेशी ताडून पाहा. जास्त भरला तर प्रेशर रिड्यूसिंग (दाब कमी करणारा) व्हॉल्व्ह लागेल.

बोअरच्या पाण्यासाठी थर्मोस्टॅट 55 अंशांवर ठेवा, कारण जितकं गरम, तितका क्षार जास्त बसतो. तापताना खडखड येऊ लागली की एलिमेंटवर थर साचलाय असं समजा. वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करताना मॅग्नेशियमचा रॉड काढून दाखवायला सांगा. टाकीऐवजी तो झिजतो. आतली तार दिसू लागली की बदलायचा. बरेच मेकॅनिक तो न पाहताच बिल करतात.

प्रश्न : वॉश बेसिनखालचा अँगल कॉक फिरतच नाही. (एक वाचक, चिंचवड)

पाना लावून जोर करू नका, कॉकचा आटा भिंतीतल्या एल्बोत (पाइपच्या वळणाच्या जोडात) तुटून राहिला तर टाइल फोडावीच लागेल. मेन कॉक बंद करून अख्खा कॉक बदलून घ्या. भिंतीतला एल्बो पितळी आट्याचा आहे ना, ते तेव्हाच पाहा. नुसत्या प्लास्टिकचा आटा जास्त आवळला की तडकतो. टेफलॉन टेप आट्याच्या टोकाकडून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आठ-दहा वेढे गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर आवळताना उलगडून बाहेर येते. पुढे दर दोन महिन्यांनी घरातला प्रत्येक कॉक पूर्ण बंद करून उघडा आणि बरेच फेरे घेणारा कॉक असेल तर उघडल्यावर पाव फेरा मागे घ्या. मेन कॉकही यातून सोडू नका.