टर्बो बरा की बॅटरी? वाचक विचारतात

मागच्या अंकात पोर्शेच्या हायब्रिड ९११ बद्दल (पेट्रोल इंजिनाला बॅटरी-मोटरची जोड दिलेली स्पोर्ट्स कार) चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग पडला. अर्धे म्हणतात टर्बोचा (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचा) जमाना गेला, अर्धे म्हणतात बॅटरीवाली गाडी म्हणजे महागडं खेळणं. सगळ्यांना उत्तर देणं काही जमणार नाही, त्यातल्या त्यात कामाचे प्रश्न घेतलेत.

इलेक्ट्रिक गाड्या तीन सेकंदात शंभर गाठतात, मग टर्बोवाली स्पोर्ट्स कार घ्यायचीच कशाला? आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये यावरून रोज भांडणं होतात. (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

नुसत्या शून्य ते शंभरवर भांडत असाल तर भांडण कधीच मिटलंय, इलेक्ट्रिक जिंकली. आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये आलेली एमजी सायबरस्टर बघा ना, ५१० पीएस (म्हणजे जवळपास तेवढीच हॉर्सपॉवर), ३.२ सेकंद, आणि किंमत पाऊण कोटीच्या आसपास. एवढ्या वेळात पळणारी नवी पेट्रोल गाडी शोधायला गेलात तर आकडा कोटीच्या बराच वर जातो. कारणही साधं आहे, मोटरला करंट मिळाला की टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, लगेच हजर. टर्बोचं तसं नाही, आधी इंजिनातून बाहेर पडणारा एक्झॉस्टचा गॅस जोरात यायला हवा, त्यावर टर्बाइन फिरणार, त्याच शाफ्टवरचा कॉम्प्रेसर हवा दाबणार, ती हवा सिलिंडरमध्ये जाणार आणि मग कुठे गाडी ढकलणार. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबल्यापासून ते तिथपर्यंतचा जो वेळ जातो तोच तो टर्बो लॅग.

पण आता जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगचे दोन आकडे घ्या, ट्रॅक साधारण २०.८ किलोमीटरचा. पोर्शेचीच पूर्ण इलेक्ट्रिक टायकान टर्बो जीटी (टर्बो फक्त नावातच), हजाराच्या वर हॉर्सपॉवर, वेळ ७ मिनिटं ७.५५ सेकंद. आणि हायब्रिड ९११ कॅरेरा जीटीएस, ५४१ पीएस, वेळ ७ मिनिटं १६.९ सेकंद. म्हणजे जवळजवळ दुप्पट ताकद लावून फायदा किती, तर नऊ सेकंद! बाकीची ताकद गेली कुठे? वजन ओढण्यात. टायकान सव्वादोन टनांच्या घरात आणि ९११ सोळाशे किलोच्या आत-बाहेर, मग प्रत्येक वळणाआधी ते जास्तीचे सहाशे किलो ब्रेकने थांबवायचे, टायरने वळवायचे आणि परत पळवायचे. शिवाय हा झाला एका फेरीचा हिशेब. सलग फेऱ्या मारायला लागलात की बॅटरी तापते, ताकद आपोआप कमी केली जाते, आणि चार्जही भराभर उतरतो. पेट्रोलवाला पंपावर पाच मिनिटं थांबून परत ट्रॅकवर.

तेव्हा ग्रुपवर सांगा, सरळ रस्त्यावर तुम्ही जिंकलात, वळणांवर अजून खेळ बाकी आहे.

९११ मध्ये हायब्रिड आणली म्हणजे पोर्शेने पण मायलेजवाली गाडी काढली का? आणि हा ई-टर्बो काय प्रकार आहे? (एक वाचक, पुणे)

नाही हो, मायलेजचा इथे फारसा संबंध नाही. ही गाडी नुसत्या बॅटरीवर एक किलोमीटरसुद्धा चालत नाही. बॅटरीच मुळात १.९ युनिटची, आकाराने आपल्या नेहमीच्या स्टार्टरच्या बॅटरीएवढी. मला या गाडीतली सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच वाटते.

झालंय काय, आधीच्या जीटीएसमध्ये तीन लिटरचं इंजिन आणि दोन टर्बो होते, ४८० पीएस. नव्यात इंजिन ३.६ लिटरचं केलं आणि टर्बो एकच ठेवला, पण त्याच्या टर्बाइन आणि कॉम्प्रेसरच्या मधोमध शाफ्टवर एक छोटी मोटर बसवली. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला की ही मोटर एक्झॉस्टची वाट न बघता शाफ्ट गरागरा फिरवते, त्यामुळे बूस्ट, म्हणजे दाबलेली हवा, जवळपास लगेच तयार. आणि इंजिन जोरात चालू असताना एक्झॉस्टमध्ये जास्तीचा जोर असतो ना, जो बाकी टर्बो गाड्यांमध्ये वेस्टगेट नावाची झडप उघडून बाहेर सोडून देतात, तो इथे फुकट जात नाही. तीच मोटर उलटी जनरेटर होते आणि ११ किलोवॉटपर्यंत वीज बनवते. वेस्टगेट काढूनच टाकलाय! ती वीज बॅटरीत जाते किंवा गिअरबॉक्समध्ये बसवलेल्या दुसऱ्या मोटरला. वजन वाढलं किती तर पन्नासेक किलो, आणि न्युर्बुर्गरिंगवर आधीच्या गाडीपेक्षा ८.७ सेकंद कमी.

फॉर्म्युला वन बघणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. २०१४ पासून तिथल्या इंजिनांवर टर्बोला जोडलेलं असंच यंत्र होतं, एमजीयू-एच म्हणायचे त्याला. फार खर्चिक आणि गुंतागुंतीचं म्हणून २०२६ च्या नियमांत ते काढून टाकलं, म्हणजे रेसवाल्यांनी सोडलं आणि रस्त्यावरच्या गाडीने धरलं, गंमतच आहे.

याच्या उलट उदाहरण पाहिजे तर मर्सिडीज-एएमजीची सी ६३. जुनीत चार लिटरचा व्ही८ (आठ सिलिंडरचा) होता, लोक त्याच्या आवाजावर फिदा. नवीन आणली त्यात दोन लिटरचं चार सिलिंडर, इलेक्ट्रिक टर्बो, मागे मोटर, ६.१ युनिटची बॅटरी, सगळं मिळून ६८० पीएस. कागदावर एकदम भारी. पण वजन २१०० किलोच्या वर, जुनीपेक्षा तीनशे किलोहून जास्त, आणि गिऱ्हाईकाने नाक मुरडलं ते मुरडलंच. बीएमडब्ल्यूची नवी एम५ तर २४०० किलोच्याही पुढे गेली. माझं मत विचाराल तर स्पोर्ट्स कारमध्ये बॅटरी टर्बोची खोड मोडण्यापुरतीच असावी. ऑफिसला विजेवर जाता यावं म्हणून स्पोर्ट्स कारमध्ये दीड-दोनशे किलोची बॅटरी भरायची आणि मग वजन वाढलं म्हणून अजून ताकद भरायची, याला काय अर्थ आहे!

बजेट २५ लाखांच्या आसपास. फोक्सवॅगन व्हर्टस जीटी १.५ घेऊ की महिंद्रा बीई ६? शनिवार-रविवारी महाबळेश्वरच्या घाटात गाडी पळवायला आवडते. (एक वाचक, सातारा)

आधी एक सांगतो, दोन्ही गाड्या आपल्या चाकणमध्येच बनतात. भांडण घरातलंच आहे.

ताकदीत बीई ६ फार पुढे, मोठ्या ७९ युनिटच्या बॅटरीसोबत २८६ पीएस, आणि ती ताकद मागच्या चाकांना. व्हर्टस १५० पीएस आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क, तोही साधारण १६०० आरपीएमपासून मिळतो म्हणून घाटात लॅग फारसा जाणवत नाही. ओव्हरटेकला बीई ६ समोर व्हर्टस टिकणार नाही. पण केळघर घाटात किंवा पसरणीला एकामागून एक वळणं घेताना हलकी आणि बुटकी गाडी जी मजा देते ती उंच जड एसयूव्ही देत नाही, आणि मॅन्युअल गिअरबॉक्सवाली मिळाली तर मी तरी डोळे झाकून तीच घेईन. घरात चार-पाचजण असतील, रोजचं रनिंग ७०-८० किलोमीटर असेल आणि पार्किंगमध्ये चार्जर बसत असेल तर मात्र बीई ६, त्यात वाद नाही.

आणि बीई ६ घेतलीत तर एक लक्षात ठेवा. महाबळेश्वर साताऱ्यापेक्षा साधारण ६५० मीटर उंच. दोन टनांची गाडी तेवढी खाली उतरते तेव्हा हिशेबाने साडेतीन युनिटांएवढी ऊर्जा सुटते, घर्षण वगैरे जाऊन त्यातला बराच भाग रीजनने (उतारावर मोटर जनरेटर होऊन) परत बॅटरीत येऊ शकतो. पण बॅटरीत जागा असेल तर! वर हॉटेलात रात्रभर लावून १०० टक्के केलीत आणि सकाळी लगेच उतरायला लागलात तर रीजन जवळपास बंद असतं, सगळा भार ब्रेकवर. वर ८० टक्क्यांवर थांबवा, घरी पोचाल तेव्हा परत लावताच की.

टर्बो गाडी बंद करण्याआधी मिनिटभर चालू ठेवायची हे खरं का? (एक वाचक, नाशिक)

एक्सप्रेसवेवरून दामटत येऊन थेट फूडमॉलला थांबलात तर हो, मिनिटभर चालू राहू द्या. टर्बो लालबुंद तापलेला असतो, इंजिन बंद केलं की ऑइल फिरायचं थांबतं, आणि बेअरिंगमध्ये राहिलेलं ऑइल जळून कोळसा होतो. गावात हळू येऊन घरासमोर लावताय तर काही गरज नाही, आणि बऱ्याच नव्या गाड्यांत बंद केल्यावरही कूलंटचा पंप थोडा वेळ चालत राहतो. त्यापेक्षा ऑइल वेळेवर बदला, आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच टाका.

हायब्रिड स्पोर्ट्स कारला टॅक्समध्ये सवलत मिळते का? (एक वाचक, नागपूर)

नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून पूर्ण इलेक्ट्रिकला ५ टक्के जीएसटी आणि १२०० सीसीच्या वरच्या पेट्रोलला, हायब्रिड असली तरी, ४० टक्के. म्हणजे ३.६ लिटरच्या त्या ९११ ला बॅटरी आहे म्हणून एक रुपयाही सुटत नाही, आणि बाहेरून बनून येते म्हणून इम्पोर्ट ड्यूटी वेगळी.