कॅनडात प्रांताचे मुख्यमंत्रिपद भूषवलेली व्यक्ती पुढे दुसऱ्या पक्षातून केंद्रात मंत्री झाली, तर ती बढती मानावी की संधिसाधूपणा?

तुम्ही उज्जल दोसांझ यांचे उदाहरण दिले आहे, म्हणून उत्तर लिहायला बसले. 2000 साली एनडीपी, म्हणजे न्यू डेमोक्रॅटिक पार्टी, या डाव्या पक्षातर्फे ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, झालेला माणूस 2004 मध्ये लिबरल पक्षातर्फे खासदार आणि लगेच आरोग्यमंत्री झाला, याला काय म्हणावे, असे तुम्ही विचारता. व्हँकुव्हरमध्ये माझे अर्धे आयुष्य गेले, त्यांच्याच मतदारसंघात आम्ही राहत होतो, आणि माझ्या घरात या एका माणसावरून जेवढे वाद झाले तेवढे पैशाअडक्यावरूनही कधी झाले नाहीत.

आधी बढतीचे बोलू. ही बढती नाही. 1962 मध्ये यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे म्हटले गेले, आणि राज्यातून दिल्लीला जाणे म्हणजे वर जाणे ही आपली समजूत आणखी घट्ट झाली. कॅनडात ती लागू पडत नाही. येथे रुग्णालये, शाळा, जंगले, खनिजे, रस्ते आणि नगरपालिका हे सारे प्रांतांच्या हाती आहे, आणि ब्रिटिश कोलंबियासारख्या लाकडावर मोठ्या झालेल्या प्रांतात जंगल कोणी आणि किती तोडायचे हे ठरवणारा माणूस म्हणजे प्रीमियर. केंद्रातला आरोग्यमंत्री एकही साधारण रुग्णालय चालवत नाही. सार्वजनिक आरोग्यसेवेच्या अटी घालून देणारा 1984 चा कॅनडा हेल्थ ॲक्ट प्रांतांकडून पाळला जातो की नाही हे पाहणे आणि प्रांतांना जाणाऱ्या पैशांच्या वाटाघाटीत बसणे, हे त्याचे मुख्य काम असते. म्हणून प्रीमियरचे केंद्रात मंत्री होणे म्हणजे प्रत्यक्ष सत्ता कमी करून घेणे आहे.

शिवाय प्रीमियर केंद्रात चमकतात असेही नाही. आजवर दोनच माजी प्रीमियर कॅनडाचे पंतप्रधान झाले, जॉन थॉम्पसन आणि चार्ल्स टपर. दोघेही नोव्हा स्कोशियाचे आणि दोघेही एकोणिसाव्या शतकातले. त्याच प्रांताचे रॉबर्ट स्टॅनफिल्ड 1967 मध्ये केंद्रातल्या प्रोग्रेसिव्ह कंझर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते झाले आणि लागोपाठ तीन निवडणुका हरले. त्यांपैकी 1972 ची तर अवघ्या दोन जागांच्या फरकाने. टॉमी डग्लस यांनी सस्कॅचेवान सतरा वर्षे सांभाळले, पण नव्या एनडीपीचे पहिले राष्ट्रीय नेते म्हणून 1962 मध्ये ते रजायनातून, म्हणजे आपल्याच राजधानीतून, पडले आणि संसदेत पोचण्यासाठी त्यांना आमच्या प्रांतातील बर्नाबीकडे यावे लागले. माझ्या मते याचे कारण उघड आहे. प्रीमियरचे नाव होते ते ऑटवाशी, म्हणजे केंद्र सरकारशी, भांडून, आणि एका प्रांतासाठी भांडलेला माणूस बाकीच्या नऊ प्रांतांना आपला वाटत नाही.

आता संधिसाधूपणाकडे येते, कारण माझे दुखणे तेथे आहे.

माझे थोरले दीर, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, सत्तरच्या दशकात येथे आले आणि निवृत्त होईपर्यंत फ्रेझर नदीकाठच्या लाकडाच्या गिरणीत कामाला होते. ते युनियनचे माणूस आणि एनडीपीचे सभासद. दोसांझही 1968 मध्ये इंग्लंडहून कॅनडात आले तेव्हा लाकडाच्याच गिरणीत कामाला लागले होते, पाठ दुखावल्यावर शिकायला गेले आणि वकील झाले, त्यामुळे दादांना ते आपल्यातले वाटत. 1979 आणि 1983 मध्ये प्रांताच्या निवडणुकीत दोसांझ हरले, तरी 1991 मध्ये ते व्हँकुव्हर-केन्सिंग्टनमधून उभे राहिले तेव्हा दादांनी पाळी संपवून आल्यावर अंगावरचा भुसा झटकून दारोदार पत्रके वाटली होती. ती निवडणूक ते जिंकले, पुढे ॲटर्नी जनरल, म्हणजे प्रांताचे कायदामंत्री, झाले, आणि फेब्रुवारी 2000 मध्ये प्रीमियर झाले. भारतीय वंशाचा माणूस कॅनडाच्या कोणत्याही प्रांताचा प्रमुख होण्याची ती पहिली वेळ होती. ज्या प्रांताने 1907 मध्ये आपल्या लोकांचा मताधिकार काढून घेतला आणि 1947 पर्यंत परत दिला नाही, आणि प्रांताच्या यादीत नाव नाही म्हणून केंद्रातही मत नाही अशी जेथे चाळीस वर्षे गेली, तेथे हे घडले होते. त्या संध्याकाळी दादांनी घरी सर्वांना पेढे दिले.

चार वर्षांनी तोच माणूस लिबरल झाला आणि दादांनी त्यांचे नाव घेणे सोडले. ‘पक्षाने मुख्यमंत्री केले आणि हा मंत्रिपदासाठी पलीकडे गेला,’ हे त्यांचे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की तुमचा प्रश्न वाचताना मला त्यांचाच आवाज ऐकू आला. त्यांच्या रागाला एक कारण आहे, जे भारतातून पाहणाऱ्याला कळणे कठीण आहे. ब्रिटिश कोलंबियात प्रांताचा लिबरल पक्ष आणि केंद्राचा लिबरल पक्ष यांचा एकमेकांशी संघटनेचा काही संबंध नव्हता, परंतु एनडीपीचे तसे नाही. प्रांतात सभासद झालात की केंद्रातही सभासद होता. म्हणून दादांच्या लेखी दोसांझ घरातल्या घरात खोली बदलत नव्हते, घर सोडत होते.

मी दादांना तेव्हाही म्हटले आणि आज लिहूनही सांगते की, त्या घराची त्या वेळची अवस्थाही पाहावी. ग्लेन क्लार्क यांच्यावर फौजदारी चौकशी चालू आहे हे ऑगस्ट 1999 मध्ये जाहीरपणे सांगण्याची वेळ ॲटर्नी जनरल या नात्याने दोसांझ यांच्यावर आली. क्लार्क त्यांच्याच पक्षाचे प्रीमियर होते. त्यांनी राजीनामा दिला आणि 2002 मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. पक्षातल्या पुष्कळांनी तो ऑगस्ट महिना दोसांझ यांना कधी माफ केला नाही. प्रांत सरकारच्या वेगवान फेरीबोटींच्या योजनेत कोट्यवधी डॉलर बुडाल्याचा राग लोकांच्या मनात होताच. मे 2001 च्या निवडणुकीत 79 पैकी 77 जागा गॉर्डन कॅम्पबेल यांच्या लिबरल पक्षाला मिळाल्या, एनडीपीला दोन, आणि प्रीमियर स्वतःच्या मतदारसंघात पडले. आपण हरणार हे त्यांनी मतदानाच्या आधीच जाहीरपणे मान्य केले होते आणि निदान एक सक्षम विरोधी पक्ष तरी राहू द्या असे मतदारांना सांगितले होते. सत्ता हाच ज्याचा हेतू आहे तो बुडत्या बोटीचे सुकाणू शेवटच्या सव्वा वर्षासाठी हाती घेत नाही.

2008 ची केंद्राची निवडणूक मात्र मला सविस्तर सांगितली पाहिजे, कारण दादांचा आणि माझा खरा वाद तेव्हा झाला. मतदान 14 ऑक्टोबरला होते, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या दुसऱ्याच दिवशी. मी व्हँकुव्हर साउथमध्ये दोसांझ यांच्यासाठी स्वयंसेवक होते. त्या आधीचे कित्येक आठवडे संध्याकाळी मी फ्रेझर स्ट्रीटच्या आसपासच्या गल्ल्यांत छत्री आणि मतदारांची यादी घेऊन फिरत होते. आमच्या भागात एका दारावर पंजाबी बोलावे लागे, पुढच्यावर कँटोनीज येणारा सोबती लागे, आणि तिसऱ्यावर एखादी फिलिपिनो परिचारिका रात्रपाळीला निघालेली असे. लोक राजकारणाचे थोडे आणि घराच्या किमतींचे जास्त बोलत. शेजारच्या वृद्ध पंजाबी बीजींना गुडघ्यांमुळे चालवत नव्हते. मतदानाच्या दिवशी मी त्यांना गाडीतून शाळेच्या व्यायामशाळेत घेऊन गेले आणि त्यांनी पडद्याआड शांतपणे वेळ घेऊन पेन्सिलीने खूण केली. परत येऊन मी दादांना म्हटले, ‘दादा, चला, अजून वेळ आहे, तुम्हालाही सोडते.’ त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता सांगितले की एनडीपीचा उमेदवार येथे निवडून येणार नाही, आणि या माणसाला मत देण्यापेक्षा घरी बसलेले बरे. एका मताने काय होते, असेही ते म्हणाले.

संध्याकाळी सात वाजता मतदान संपले आणि मी उमेदवाराची प्रतिनिधी म्हणून मोजणीला बसले. कॅनडाच्या केंद्रीय निवडणुकीत यंत्र नसते. पेटी तेथेच उघडतात, अधिकारी एकेक घडी उलगडून मतपत्रिका सर्वांना दाखवतो आणि नाव वाचतो. माझ्यासमोर कंझर्व्हेटिव्ह उमेदवार वाय यंग यांच्यातर्फे एक तरुण चिनी मुलगी बसली होती. एका मतपत्रिकेवर पेन्सिलीची रेघ वर्तुळाच्या जरा बाहेर गेली होती, तिच्यावर आम्ही दोघींनी पुरेसा वेळ वाद घातला. बाकी सगळ्या वेळी आमच्या दोघींच्या खुणा तंतोतंत जुळत होत्या, आणि ते पाहून मला या देशाबद्दल जो आदर वाटला तो कोणत्याही भाषणाने वाटलेला नाही. रात्री निकाल इतका जवळ आला की कोणी नीट आनंदही करू शकले नाही. एकूण मतांच्या एक हजारांशापेक्षा कमी फरक असला की न्यायाधीशासमोर फेरमोजणी आपोआप होते. येथे ती झाली. अखेर 16,110 विरुद्ध 16,090 असा निकाल लागला, दोसांझ 20 मतांनी निवडून आले.

तो आकडा मी दादांना जेवणाच्या टेबलावर सांगितला. ते काही बोलले नाहीत. माझे यजमान मात्र मला म्हणाले की आता विषय पुरे कर, आणि मी तो पुरा केला नाही, कारण दादांना मतदान न केल्याचा अभिमान होता आणि मला बीजींचा.

मी दोसांझ यांच्यासाठी उन्हातान्हात का फिरले, याचे कारण पक्ष नव्हते. मी लग्न होऊन येथे आले त्या काळात खलिस्तानच्या नावाने चालणाऱ्या हिंसेविरुद्ध व्हँकुव्हरमध्ये आपल्या नावानिशी बोलणारी माणसे फार थोडी होती. दोसांझ बोलत होते. फेब्रुवारी 1985 मध्ये त्यांच्या कार्यालयाबाहेर त्यांच्यावर लोखंडी गजाने हल्ला झाला, हात मोडला, डोक्याला 80 हून अधिक टाके पडले. त्याच वर्षी 23 जूनला एअर इंडियाच्या 182 क्रमांकाच्या विमानात स्फोट होऊन 329 माणसे मेली. त्या उन्हाळ्यात आपले लोक दुकानात, बसमध्ये आवाज खाली करून बोलत. दोसांझ यांनी आवाज खाली केला नाही. ते एनडीपीत असताना, प्रीमियर असताना आणि लिबरल खासदार असतानाही या विषयावर त्यांचे म्हणणे एकच होते, आणि त्यासाठी त्यांना धमक्या येत राहिल्या. राजकारणी माणसाचे काय बदलले हे पाहण्याआधी काय बदलले नाही हे पाहावे, असे माझे ठाम मत आहे. पक्ष ही गोष्ट दादांना जेवढी मोठी वाटते तेवढी मला वाटत नाही.

आरोग्यमंत्री म्हणून त्यांच्या वाट्याला आलेला प्रसंगही लक्षात घ्या. सप्टेंबर 2004 मध्ये पंतप्रधान पॉल मार्टिन यांनी सगळ्या प्रीमियरना ऑटवाला बोलावले आणि दहा वर्षांत 41 अब्ज डॉलर देण्याचा आरोग्यकरार झाला. टेबलाच्या एका बाजूला, पैसे मागणाऱ्यांमध्ये, दोसांझ यांच्या जुन्या पक्षाला दोन जागांवर आणणारे कॅम्पबेल होते, आणि दुसऱ्या बाजूला दोसांझ. प्रांताचे अंदाजपत्रक स्वतः बसवलेल्या माणसाला रुग्णालयांच्या प्रतीक्षायादीचा अर्थ शिकवावा लागत नाही. प्रांतातून केंद्रात जाण्याचा काही उपयोग असेल तर तो हा आहे, आणि तो देशाला होतो, जाणाऱ्याला कमी होतो.

दादांच्या बाजूचे एक म्हणणे मात्र खरे आहे आणि ते मी येथे लिहिते. 2004 मध्ये व्हँकुव्हर साउथची उमेदवारी दोसांझ यांनी स्थानिक सभासदांच्या मतदानातून जिंकली नव्हती. पॉल मार्टिन यांनी ती थेट दिली होती. आधीचे लिबरल खासदार हर्ब धालीवाल यांनी वर्षानुवर्षे बांधलेल्या मतदारसंघात वरून उमेदवार येणे अनेक जुन्या लिबरल कार्यकर्त्यांना खुपले आणि ते खुपायलाच हवे होते. सभासदांना डावलून दिलेली उमेदवारी चुकीचीच, माणूस कितीही चांगला असो. आणखी एक सांगते. मी बढती नाही असे म्हटले ते मुख्यमंत्र्यांपुरते. साध्या आमदाराचे केंद्रात जाणे वेगळे असते. जगमीत सिंग ऑन्टारिओच्या विधानसभेतून निघून थेट एनडीपीचे राष्ट्रीय नेते झाले, त्यांना हा हिशेब लागू नाही.

तरीही पद मिळाले म्हणून गेले, या आरोपाला उत्तर हवे असेल तर 2006 नंतरची वर्षे पाहा. जानेवारी 2006 मध्ये लिबरल सरकार गेले आणि दोसांझ यांचे मंत्रिपद अवघ्या दीड वर्षात संपले. वकिली करणाऱ्या, प्रीमियरपदही भूषवून झालेल्या माणसाने तेव्हा घरी जायला हरकत नव्हती. ते विरोधी बाकांवर बसले, 2008 मध्ये 20 मतांसाठी लढले, अफगाणिस्तानात कॅनडाच्या सैन्याने पकडून तेथील यंत्रणेच्या हवाली केलेल्या कैद्यांच्या कागदपत्रांवरून सरकारला प्रश्न विचारत राहिले, आणि 2011 मध्ये पुन्हा त्याच पक्षाकडून उभे राहिले, जेव्हा लिबरल 34 जागांवर घसरले आणि दादांची एनडीपी 103 जागा घेऊन प्रमुख विरोधी पक्ष झाली. त्या वेळी वाय यंग यांनी त्यांना हरवले. वारा ज्या बाजूला वाहतो तिकडे जाणाऱ्या माणसाचा हा मार्ग नव्हे, हे मी दादांना आजही सांगते, आणि ते आजही म्हणतात की घर सोडलेच कशाला.