विद्यापीठाच्या कार्यालयात नोकरी करताना चाळिशीत एमबीए करावं का?

हो, करा, पण नोकरी न सोडता, अर्धवेळ किंवा एक्झिक्युटिव्ह एमबीए. प्रवेश, वित्त किंवा कुलसचिव कार्यालयात वरच्या पदावर जायचं तर अंदाजपत्रक मांडणं आणि अभ्यासक्रमागणिक खर्च काढणं यावंच लागतं, आणि ते एमबीएत नीट शिकायला मिळतं. फी संस्था भरणार असेल तर अटी आधी लेखी घ्या: पदवीनंतर ठरावीक काळ नोकरी सोडता येत नाही, सोडल्यास रक्कम परत करावी लागते, अशी अट बऱ्याचदा असते. गाडी अडते ती प्रवेश आणि परीक्षांच्या हंगामात. अभ्यासक्रमात मुभा असेल तर त्या सत्रात एकच विषय घ्या. लेखाशास्त्र, संख्याशास्त्र मोकळ्या सत्रात उरका. प्रकल्पाला आपल्याच विभागातला प्रश्न घ्या, उदाहरणार्थ अर्ज करूनही प्रवेश न घेणारे विद्यार्थी. मात्र त्यांची माहिती वापरायची परवानगी सुरुवातीलाच काढा, ती मिळायला वेळ लागतो. प्राध्यापकीच्या वाटेवर जायचं असेल तर मात्र हाच वेळ पीएचडीला द्या.